बेडरूमच्या भिंतीवरची बुरशी : औषध कोणते, याआधी पाणी कुठले?

आपला प्रश्न मला समजला तो असा. ठाण्यातील सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आपला फ्लॅट आहे. मोठ्या बेडरूमच्या पश्चिमेकडील भिंतीवर, कपाटाच्या मागे, काळपट हिरवी बुरशी येते. ओल थांबवणारा म्हणून विकला जाणारा रंग आपण दोन वेळा दिला आणि दोन्ही वेळा पुढच्या जुलैपर्यंत त्याला फुगे येऊन पोपडे सुटले. यंदा त्याच बेडरूमला लागून असलेल्या हॉलच्या भिंतीवरही, शोकेसच्या मागे, ठिपके दिसू लागले आहेत. एका वॉटरप्रूफिंगवाल्याने बेडरूमच्या भिंतीला आतून रसायनाचा लेप देण्याचे 85 हजार रुपये सांगितले आहेत. घरात सहा वर्षांची मुलगी आहे आणि तिचा खोकला पावसाळाभर जात नाही. बुरशीवर खात्रीचे रसायन कोणते आणि हे 85 हजार द्यावेत का, असे आपण विचारता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : आत्ता देऊ नका. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी मात्र प्रश्नच थोडा बदलावा लागेल. गेली सत्तावीस वर्षे मी इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो, बहुतेक मुंबई-ठाण्यात आणि काही कोकणात. ‘बुरशीचे औषध सांगा’ म्हणून मला बोलावलेल्या घरांपैकी फार थोड्या ठिकाणी औषधाचा प्रश्न होता. बाकी सगळीकडे प्रश्न पाण्याचा होता.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. ते घराबाहेर ठेवता येत नाहीत. त्यांना लागणारे खाद्यही घरात भरपूर असते : रंगातील डिंकासारखे घटक, प्लायवुड, पुठ्ठा, चामडे, भिंतीवर बसलेली साधी धूळ. कमी असते ते फक्त पाणी. भिंतीला अगदी लागून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता काही दिवस सलग 80 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरू लागते, तिला थेंब दिसण्याइतकी ओल लागतच नाही. उलट भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत पूर्ण वाळवली तर सहसा बुरशी धरत नाही. गूळ तेथे मुंगळे म्हणतात तसा हा प्रकार आहे. मुंगळे कितीही झाडले तरी गूळ जागेवर असेल तर ते परत येणारच. आपण दोन वेळा रंग दिला तेव्हा मुंगळेच झाडले होते.

एक खातरजमा आधी करून घ्या, कारण यात फसगत फार होते. भिंतीवरचा पांढरा, कापसासारखा थर ही पुष्कळदा बुरशी नसून विटा आणि सिमेंटमधून बाहेर आलेले क्षार असतात, ज्याला आपण मीठ फुटणे म्हणतो. त्यावर पाण्याचा थेंब सोडला तर क्षार विरघळून दिसेनासे होतात, बुरशी विरघळत नाही. आपल्या वर्णनावरून बेडरूममधली बुरशीच वाटते. पण रंगाला आलेल्या फुग्याखाली पांढरी भुकटी आहे का, ते जरूर पाहावे. ती असेल तर पाणी भिंतीच्या आतून प्रवास करून येत आहे, खोलीतल्या हवेतून नव्हे, हे जवळजवळ निश्चित समजावे.

आता मुख्य गोष्ट. घरातल्या भिंतीवर पाणी चारच वाटांनी येते : बाहेरून पावसाचे, नळ-सांडपाण्याच्या पाइपातून, जमिनीतून वर चढणारे आणि हवेतून थंड पृष्ठभागावर उतरणारे. चारही वाटांनी येणारी बुरशी दिसायला सारखीच असते आणि उपाय मात्र एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे असतात. ही वाट ओळखण्यासाठी माझ्याकडचे सर्वांत उपयोगी साधन पेन्सिल आहे. ओलीच्या डागाची कड पेन्सिलने आखायची, शेजारी तारीख लिहायची आणि कॅलेंडरवर त्या दिवशी पाऊस होता की उघडीप, एसी किती वेळ चालला, वरच्या घरात माणसे होती की ते गावी गेले होते, एवढे टिपायचे. तीन-चार आठवड्यांत डागाचे वेळापत्रक समोर येते. माझ्याकडे ओल मोजायचे यंत्रही आहे, पण प्लास्टरवर ते फक्त ‘इथे जास्त, तिथे कमी’ एवढेच सांगते. ‘कुठून’ ते पेन्सिलच सांगते.

पश्चिमेची भिंत म्हटल्यावर माझा पहिला संशय पावसावर जातो. आपल्याकडचा मोसमी पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून वाऱ्यासह येतो, आणि सरळ पडणाऱ्या पावसापेक्षा भिंतीवर आडवी बसणारी ही झडच जास्त घातक असते. कोकणात पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर घराच्या त्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधत, ते याच कारणाने. मुंबई परिसरात हंगामात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपली सहा इंची भिंत व तिच्यावरचे इंचभर प्लास्टर एवढाच त्याला अडसर असतो. तो अडसर फुटतो त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा म्हणजे काँक्रीटच्या बीमखाली वीटकाम जिथे संपते तो आडवा सांधा. काँक्रीट आणि वीट उन्हाने सारखी प्रसरण पावत नाहीत. प्लास्टर करताना त्या सांध्यावर जाळी मारली नसेल तर तिथे केसासारखी बारीक तड जाते. त्यानंतर खिडकीचे खालचे कोपरे, छज्जा भिंतीला मिळतो ती रेघ, पाइपाचे क्लॅम्प, आणि हल्ली एसीच्या बाहेरच्या युनिटच्या ब्रॅकेटचे बोल्ट व तांब्याच्या नळीसाठी पाडलेले भोक. हे भोक आत उतरते पाडलेले असेल तर त्यातून पाणी थेट घरात येते.

या वाटेची खूण अशी की जोराच्या पावसानंतर काही तासांत ते दोन दिवसांत डाग गडद होतो, चार दिवस उघडीप मिळाली की फिका पडतो आणि दिवाळीनंतर नुसता वाळलेला नकाशा उरतो. तड शोधायची उत्तम वेळ म्हणजे पाऊस थांबल्यानंतरचा तास-दोन तास. भिंतीचा पृष्ठभाग वाळून उजळतो, पण तडेतले पाणी इतक्या लवकर वाळत नाही, त्यामुळे भिंतीवर पेनाने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते. मी समोरच्या इमारतीच्या जिन्यातून दुर्बिणीने पाहतो. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून काढलेला फोटोही चालतो. कोरड्या मे महिन्यात हीच भिंत निर्दोष दिसते.

दुसरी वाट पाइपाची. तिचे पाणी पावसाला विचारत नाही, ते मार्चमध्येही येते. आपल्या बेडरूमच्या वर किंवा शेजारी कोणाचे बाथरूम आहे का, हे आपण लिहिलेले नाही, आणि उत्तर बरेचसे त्यावर अवलंबून आहे. असल्यास वरच्यांच्या संमतीने नहाणी ट्रॅप (न्हाणीतले पाणी जाण्याचे तोंड) बंद करून बाथरूममध्ये इंचभर पाणी दोन दिवस साठवून पाहता येते. पाण्यात रंग मिसळला तर शंका उरत नाही. इथे माझीच एक चूक सांगतो. साधारण पंधरा वर्षांपूर्वी मुलुंडला एका घरात छताच्या कोपऱ्यात बारमाही ओल होती. वर बरोबर बाथरूम होते, त्यामुळे मी ही चाचणी न करताच वरच्या बाईंचे बाथरूम फोडायला सांगितले. लाद्या निघाल्या, कोबा निघाला, पंधरा दिवस त्या घरातली माणसे शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात होती, आणि खाली ओल जशीच्या तशी. पाणी येत होते ते बाहेरच्या भिंतीवरून उतरणाऱ्या सामायिक पाइपाच्या सांध्यातून, आणि बीमवरून सरपटत ते चार फूट लांब कोपऱ्यात उतरत होते. ओल जिथे दिसते तिथेच पाणी शिरते असे नसते, हे पुस्तकात वाचलेले वाक्य त्या दिवशी मला त्या बाईंच्या देखत कळले.

तिसरी वाट, जोत्यातून वर चढणारी ओल, तिसऱ्या मजल्यावर संभवत नाही. तळमजल्याच्या घरांत आणि कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्याच्या घरांत ती सर्रास असते आणि जमिनीपासून दोन-तीन फुटांवर एका आडव्या रेषेत थांबते. आपण ती सोडून द्यावी.

चौथी वाट मात्र नीट समजून घ्यावी, कारण आपल्या हॉलच्या भिंतीचे गुपित बहुधा तिच्यात आहे. जुलैमध्ये हॉलमधली हवा 30 अंशांवर आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू साधारण 26 अंश असतो. म्हणजे 26 अंशांहून थंड असलेल्या कशालाही ती हवा टेकली की तिथे पाणी सुटते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसेच. आता पलीकडे बेडरूममध्ये रात्रभर 20 अंशांवर एसी चालतो. मधली भिंत चार इंची विटेची, तिचा हॉलकडचा पृष्ठभाग 26-27 अंशांपर्यंत उतरतो. तिथे थेंब दिसणार नाहीत, पण भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता 95 टक्क्यांच्या आसपास जाते, आणि बुरशीला 80 पुरते. त्यात शोकेसने तिथली हवा अडवलेली असेल तर भिंत आणखी थंड राहते. म्हणून ठिपके मोकळ्या भिंतीवर न येता बरोबर शोकेसच्या आकाराचे येतात. एसी एका खोलीत आणि बुरशी दुसऱ्या खोलीत, हे लोकांना पटत नाही. मी अशा घरात भिंतीवर हात ठेवायला सांगतो, मग वेगळे समजवावे लागत नाही.

पाणी भिंतीतून येते की हवेतून, हे ठरवायला एक घरगुती चाचणी आहे. दीड फूट लांब-रुंद जाड, पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर एक-दोन दिवस लावून ठेवावे. ओलावा प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला जमला तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला जमला तर हवेतून. सुटलेल्या पोपड्यांवर चिकटपट्टी बसत नाही, म्हणून आधी तेवढा भाग ओल्या फडक्याने पुसून खरवडून घ्यावा. दोन्ही भिंतींवर एकाच वेळी करावे, म्हणजे तुलना होईल.

याच ठिकाणी एका सल्ल्याविषयी सावध करतो. परदेशातील नातेवाईक आणि तिकडचे लेख ‘खिडक्या उघडा, हवा खेळू द्या’ असे सांगतात. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबासाठी तो बरोबर आहे, कारण तिथली बुरशी हिवाळ्यातली असते आणि बाहेरची थंड हवा आत येऊन तापली की कोरडी होते. आपल्याकडे जुलैच्या संततधारेत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. पहाटे एसी बंद करून लगेच खिडक्या सताड उघडल्या तर ती दमट हवा थंड भिंतीवर, कपाटाच्या पाठीवर आणि गादीखाली पाणी सोडते. म्हणून एसी बंद केल्यावर अर्धा-पाऊण तास पंखा चालू ठेवून भिंती खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात, मग खिडकी उघडावी. एसी 26 वर ठेवला तर झोपेला अडचण येत नाही आणि भिंतीला पुष्कळ आराम पडतो. उघडीप असेल तेव्हा मात्र दुपारी सगळे घर उघडावे. धुतलेले कपडे घरात वाळत घालण्याला पावसाळ्यात इलाज नसतो, हे मला मान्य आहे. पण एका धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जाते, तेव्हा ते एकाच खोलीत, दार बंद करून, पंखा व एक्झॉस्ट चालू ठेवून वाळवावेत, आणि ती खोली बुरशीची बेडरूम नसावी. आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल घड्याळ काही शे रुपयांत मिळते, ते घ्याच. घरातला आकडा 60 ते 65 च्या आत आणता आला तर उत्तम. भर पावसाळ्यात 70 जमले तरी मी समाधान मानतो. डांबराच्या गोळ्यांनी आणि कापराने वास झाकला जातो, ओल हटत नाही.

तर आतापर्यंतच्या माहितीवरून माझा अंदाज असा की आपल्याकडे दुखणी दोन आहेत : बेडरूमच्या भिंतीत बाहेरून झड मुरते आहे आणि हॉलच्या भिंतीला एसीचा घाम येतो आहे. पेन्सिल आणि प्लॅस्टिक वेगळे काही सांगू लागले तर अंदाज सोडून त्यांचे ऐकावे.

हा अंदाज खरा असेल तर 85 हजारांचा आतला लेप का नको, हे आता लक्षात येईल. बाहेरून पाणी येतच राहणार आणि आपण आतले दार बंद करणार; मग ते भिंतीतच साठते आणि लेप संपतो तिथून, म्हणजे बहुधा शेजारच्या भिंतीतून किंवा छतातून, बाहेर येते. दोन-तीन वर्षांनी लेप प्लास्टरसकट सुटतो. मधल्या काळात बीम-कॉलमच्या लोखंडी गजांना गंज चढतो तो वेगळाच, आणि तो नुकसानीचा खरा महाग भाग असतो. बाहेरून काम करणे अशक्य असेल, उदाहरणार्थ दोन इमारती इतक्या चिकटून असतील की मध्ये माणूस शिरत नाही, तर मी आतला लेप नाइलाजाने सुचवतो. आपली भिंत तशी दिसत नाही. बाहेरून योग्य काम म्हणजे तड इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच करून उघडणे, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरणे, सुटलेले प्लास्टर काढून बीमच्या सांध्यावर जाळी घेऊन नव्याने करणे आणि त्यावर ताण सोसणारा, लवचीक बाह्यरंग देणे. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटून पडावे म्हणून खाच असते, ती रंगाने बुजलेली असेल तर मोकळी करून घ्यावी; एवढ्यानेच गळती थांबल्याची दोन घरे मला आठवतात. आणि हा खर्च आपला एकट्याचा नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची आणि सामायिक पाइपांची गळती दुरुस्त करणे ही सर्वसाधारणपणे संस्थेची जबाबदारी असते. सेक्रेटरींना तोंडी सांगून विषय पुढे सरकत नाही. तारखांसह फोटो लावून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आपली पेन्सिलीची नोंद तिथे कामाला येते.

काम ऑक्टोबर ते मे या काळात करावे, हे वेगळे सांगायला नको. पण निदान याच पावसाळ्यात पूर्ण करून ठेवावे, कारण ऑक्टोबरमध्ये झुल्यावर (बाहेरून दोरांनी टांगलेल्या फळीवर) चढलेल्या माणसाला तड दाखवायला तेव्हा ओली रेघ नसेल.

तोपर्यंत मुलीचे काय, हा आपला खरा प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही, म्हणून तिच्या खोकल्याचे कारण बुरशी आहे की नाही, ते बालरोगतज्ज्ञांनी ठरवावे. त्यांना घरात ओल असल्याचे मात्र आवर्जून सांगावे, कारण पालक ते सांगायचे विसरतात. ओल व बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वसनाच्या तक्रारी जास्त आढळतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत मान्य केले आहे, आणि बुरशीच्या प्रमाणाची सुरक्षित मर्यादा न ठरवता ओलच रोखावी, अशी त्यांची भूमिका आहे. त्यामुळे हवेचे नमुने प्रयोगशाळेत पाठवण्यावर पैसे घालवू नका. बुरशीचे नाव कळल्याने उपाय बदलत नाही. मुलगी त्या खोलीत झोपत असेल तर तिला आजच दुसऱ्या खोलीत हलवावे.

साफसफाई करताना मुलांना आणि दम्याच्या माणसाला घराबाहेर पाठवावे, एन-95 मास्क, रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा, पंखा बंद आणि खोलीचे दार बंद ठेवावे. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने कधीही झाडू नये, त्याने बीजाणू घरभर उडतात. आधी फवाऱ्याने ओले करावे, मग कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यांनी पुसावे आणि ती फडकी पिशवीत बांधून टाकून द्यावीत. ब्लीचचा मोह पुष्कळांना होतो. त्याने डाग पांढरा होतो, पण प्लास्टरच्या आत ते फारसे उतरत नाही, आणि मेलेली बुरशीही ॲलर्जी देऊ शकते, म्हणून ती पुसून काढणे महत्त्वाचे. वापरलेच तर संडास साफ करण्याच्या ॲसिडबरोबर मिसळू नका, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. पुसून झाले की पंख्याचा झोत भिंतीवर ठेवून ती वाळवावी. बुरशी खोलीच्या मोठ्या भागात पसरली असेल तर हे घरी करू नये.

कपाट भिंतीपासून ओढाल तेव्हा त्याच्या पाठीकडे नीट पाहा. पुढून चकचकीत सनमायका असतो आणि मागे बहुधा उघडे प्लाय. हात फिरवला तर मखमलीसारखे लागते, आणि आतल्या चामडी पट्ट्यावर आणि लोकरी कपड्यांवर हिरवट बुरा आलेला असतो. बुरशीने प्लाय नुसते वरून धरलेले असेल तर पुसून, उन्हात ठेवून वाचते. पापुद्रे सुटून फुगले असेल तर ती पाठ बदलावी.

दुरुस्तीनंतर लगेच रंग देण्याची घाई करू नये. वीटभिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला सुमारे एक महिना, असा आमच्यात ठोकताळा आहे. ऑक्टोबरचे ऊन आणि दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर भिंत त्याहून थोडी लवकर वाळते, तरी दिवाळीला रंग लागणार नाही, ही मनाची तयारी ठेवावी. आतले फुगलेले पुट्टी-पीओपी पूर्ण काढावे, भिंत काही महिने उघडीच राहू द्यावी, प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा करावी आणि मगच रंग द्यावा. तोही भिंतीतला ओलावा बाहेर पडू देणारा, प्लॅस्टिकसारखा थर न धरणारा. बुरशीरोधक रंगातले औषध काही वर्षांत उतरते, तेव्हा तो जोड म्हणून घ्यावा, भरवशाला नव्हे.

कपाट मात्र पुढचा संपूर्ण पावसाळा त्या भिंतीला लावू नका. जागेची अडचण असेल तर निदान चार इंच पुढे आणि पायांवर उचलून ठेवा. नव्या रंगावर जुन्या डागाची कड पुन्हा पेन्सिलने आखून ठेवा, थोडी विद्रूप दिसेल ती एक वर्ष. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पहिली मोठी झड बसली की त्या रेषेच्या आत हात फिरवून पाहा, आणि काय लागले ते मला कळवा.